काउंटी फेअरला आईची गोधडी द्यायची आहे: क्विल्ट शो, जत्रा आणि घरचं लटांबर

प्रेअरीतली_अनुजा

मंडळी, इथे क्विल्टवाले कुणी आहेत का?

आम्ही आयोवात राहतो. आई-बाबा मे महिन्यात आलेत, ऑक्टोबरपर्यंत मुक्काम आहे. येताना आईने अर्धी बॅग जुन्या सुती साड्यांनी भरली होती. (बाबांचा लसणीच्या चटणीचा डबा त्यापायी घरीच राहिला. तो विषय अजून मिटलेला नाही.) आजीची नऊवारी लुगडी, आईची एक विटलेली इरकल, माझ्या झबल्यांचं उरलेलं कापड, असं सगळं घेऊन तिने हॉलमध्ये जमिनीवर पसरून गोधडी शिवायला घेतली. आत कापूस नाही, साड्यांचेच थर. कडेपासून धावदोरा घालत, चौकटीच्या आत चौकट करत मध्याकडे यायचं ही तिची पद्धत. आता मधला हातभर भाग राहिलाय.

शेजारच्या आजीबाईंनी ती पाहिली आणि दुसऱ्या दिवशी काउंटी फेअरचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या जत्रेचं, प्रीमियम बुक (स्पर्धेतल्या वर्गांचं आणि नियमांचं पुस्तक) आणून हातात ठेवलं. "द्यायचीच," म्हणाल्या. पुस्तक उघडलं तर डिपार्टमेंट, डिव्हिजन, क्लास, लॉट! हाताने क्विल्ट केलेली (थर एकत्र शिवलेली) वेगळी, मशीनवरची वेगळी, वरचा भाग एकीने आणि क्विल्टिंग दुसरीने केलेली वेगळी, पाळण्याची वेगळी, भिंतीवरची वेगळी, आयुष्यातली पहिलीच असेल तर आणखी वेगळी. आमची गोधडी नेमकी कुठे बसते?

दुसरं म्हणजे, सगळ्यांना घेऊन जायचंय. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, बाबांचे गुडघे यथातथाच, आणि नवरोबांचा पहिलाच प्रश्न, "दिवसभर चादरी बघायच्या?" कुणाचा अनुभव असेल तर सांगा. फेअर जुलैत आहे.

---

सुईत_दोरा

अनुजा, आधी अभिनंदन. अर्धी गोधडी तुझ्या शेजारणीने पूर्ण केली असं समज, कारण ते पुस्तक हातात पडल्याशिवाय बहुतेक जण या वाटेला जातच नाहीत.

मी मिनेसोटात, बरीच वर्षं इथल्या क्विल्टवाल्यांच्या गिल्डमध्ये (मंडळात) आहे आणि फेअरला स्वयंसेवक म्हणून क्विल्ट उतरवून घ्यायला बसते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काउंटी फेअरमध्ये दोन वेगळे प्रकार चालतात, त्यांची गल्लत करू नका. एक ओपन क्लास. त्यात कुणीही देऊ शकतं, वयाची अट नाही, प्रवेश फी नसते किंवा नावापुरती असते. दुसरा फोर-एच, म्हणजे शाळकरी मुलांच्या क्लबचा. आयोवात चौथी ते बारावीची मुलं त्यात येतात, आणि त्याहून लहानांसाठी क्लोव्हर किड्स असतं. आईची गोधडी ओपन क्लासमध्ये जाणार. ओपन क्लासमध्ये बहुतेक ठिकाणी पहिली निळी रिबन, दुसरी लाल, तिसरी पांढरी. फोर-एचमध्ये मात्र डॅनिश पद्धत असते. तिथे मुलांची एकमेकांशी तुलना होत नाही, ठरलेल्या दर्जाशी होते. काम त्या दर्जाचं असेल तर दहाच्या दहा मुलांना निळी रिबन मिळू शकते. लेकीला निळी मिळाली आणि आजीला लाल, तर घरात कोण चांगलं शिवतं यावर वाद घालू नका.

आता क्लास. पुस्तकात "हँड क्विल्टेड" असेल तर सरळ त्यात टाका. पण आधी फेअरच्या क्विल्ट विभागाच्या सुपरिंटेंडंटला फोन करून विचारा. या बाई सहसा गावातल्याच असतात आणि त्यांना असे प्रश्न आवडतात. कारण असं आहे की हँड क्विल्टिंगमध्ये परीक्षकांच्या डोळ्यांसमोर पातळ बॅटिंग (दोन कापडांमधला भरावाचा थर) आणि इंचाला आठ-दहा टाके असं चित्र असतं. साड्यांच्या पाच-सहा थरांतून कुणाचीही सुई इंचाला आठ टाके घालणार नाही. आता बऱ्याच ठिकाणी जाड दोऱ्याच्या, मोठ्या टाक्यांच्या क्विल्टला वेगळा क्लास असतो किंवा "इतर तंत्र" म्हणून एक रकाना असतो. गोधडीला ती जागा जास्त न्याय देते. फॉर्मवर दोन ओळी लिहायला जागा असेल तर जरूर लिहा: महाराष्ट्रातली पद्धत, जुन्या साड्या, आत बॅटिंग नाही, कडेकडून मध्याकडे हाताने शिवलेली. परीक्षकांना काय बघतोय ते कळलं की नजर बदलते.

देण्याआधी काय तपासायचं ते सांगते. परीक्षक यावरच बोट ठेवतात:

गोट आतून भरलेला हवा. म्हणजे गोटाच्या कापडात पोकळी नको, चिमटीत धरल्यावर आत थर लागले पाहिजेत. चारही कडा सरळ लटकायला हव्यात. पेन्सिलीच्या, खडूच्या खुणा दिसता कामा नयेत. गाठी मागच्या बाजूला उघड्या नकोत, सुईने थरात ओढून घ्यायच्या. लोंबणारे दोरे कापायचे. कुत्र्या-मांजराचे केस तर अजिबात नकोत, त्यासाठी चिकट रोलर फिरवा.

आणि वास! इथे सिगरेटचा वास आला की क्विल्टचे गुण जातात. आपल्याकडे सिगरेट नसते, पण हिंगाची फोडणी असते. फेअरच्या आधीचे काही दिवस गोधडी स्वयंपाकघरापासून लांब, दार बंद असलेल्या खोलीत ठेवा. अतिशयोक्ती करत नाहीये. आमच्या गिल्डमधल्या एका परीक्षकबाई क्विल्ट उलगडली की आधी नाकाशी नेतात.

टांगायची असेल तर मागे वरच्या कडेला नेफा शिवून मागतात. साधारण ४ इंच रुंद, त्यातून दांडी जाते. पण काउंटी फेअरमध्ये बरेचदा घड्या घालून रॅकवरच ठेवतात, त्यामुळे नियम वाचा. साड्यांची गोधडी जड असते. टांगली तर मधे झोळ पडतो आणि कडा लहरतात. टेबलावर ठेवायची सोय असेल तर तीच मागा.

---

बंडू_ओहायोकर

नवरोबांच्या वतीने मी उत्तर देतो, कारण मी त्याच जमातीचा आहे.

आमच्या सौ. क्विल्टवाल्या. पहिल्या शोला मी पुस्तक घेऊन गेलो होतो, बाकावर बसून वाचायचं म्हणून. बाकावर माझ्यासारखेच अजून बरेच होते. एक निवृत्त सुतार शेजारी बसला होता, तो म्हणाला, जरा "लॉग केबिन" नावाची रचना बघून या, लाकडाच्या कामात आम्ही असाच हिशोब करतो. बघायला गेलो आणि कोन मोजत बसलो. भूमितीची आवड असलेल्या माणसाला क्विल्ट शोमध्ये कंटाळा येत नाही हे मी शपथेवर सांगतो. नवऱ्याला रंग-फुलं दाखवू नका, त्रिकोणांची टोकं जुळली आहेत का ते शोधायला लावा.

मुलांसाठी आमचा उपाय गाडीतच सुरू होतो. इथे ओहायोत ॲडम्स काउंटीत २००१ साली एका बाईंनी आईच्या सन्मानासाठी गोठ्यावर क्विल्टचा एक चौकोन रंगवायचं मनात घेतलं आणि त्यातून बार्न क्विल्टची टूम निघाली. आता कितीतरी राज्यांत रस्त्याकडेच्या लाल गोठ्यांवर असे रंगीत चौकोन दिसतात. आयोवातही भरपूर आहेत. आधी दिसेल त्याला एक गुण. पोरं खिडकीला चिकटून बसतात आणि "अजून किती वेळ" बंद होतं.

खाण्याचं विसरू नका. शाकाहारी असाल तर भाजलेलं मक्याचं कणीस, फनेल केक, ताजं लिंबू सरबत, तळलेले चीज कर्ड्स. बाकी सगळं काडीला टोचून तळलेलं असतं आणि आत काय आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

---

पेठेतला_आप्पा

जरा वेगळा सूर लावतो, राग नसावा. गोधडी ही पांघरायची वस्तू. आजीच्या लुगड्याची ऊब घरात राहावी म्हणून शिवायची. तिला टेबलावर मांडून एक परकी बाई गोट चिमटीत धरणार आणि गुण देणार, हे मला काही पटत नाही. आईच्या हाताला कसले गुण? प्रदर्शनात ठेवा, अभिमानाने ठेवा, पण स्पर्धा कशाला? शिवाय "इंचाला आठ टाके" वगैरे ऐकून उद्या आपल्या बायका पातळ बॅटिंग आणून तसंच शिवायला लागतील आणि असली गोधडी राहील बाजूलाच.

---

कृष्णाकाठची

आप्पा, तुमच्या पेठेत नसंल, पण आमच्याकडं वाकळंला परीक्षक नव्हते असं कोण म्हणतंय? उन्हाळ्यात वाकळ धुऊन गडग्यावर वाळत घातली की येणारी-जाणारी प्रत्येक बाई कोपरा उलटून मागचा टाका बघूनच पुढं जायची. "दोरा ओढलाय गं जरा", "ह्या अंगाला पातळ झाली बघ". समोर सांगायची आणि पाणवठ्यावर गेल्यावर मागंही सांगायची. गुण कागदावर लिहीत नव्हत्या एवढंच.

माझी आत्या वाकळ शिवायला बसली की चौघी चार बाजूंना बसायच्या. कोण कुठल्या बाजूला बसली ते नंतर टाक्यावरनं ओळखू यायचं. एकीचा टाका तांदळासारखा बारीक, दुसरीचा पार गव्हाएवढा. बारीकवालीला लांबलांबनं बोलावणं यायचं. ही स्पर्धा नव्हं तर काय?

अनुजाताई, आईला जरूर द्यायला सांगा. आन् अंगुस्तान आहे का त्यांच्याकडं? नसंल तर इथल्या दुकानात चामड्याचं मिळतं असं सुईत_दोरा सांगतील.

---

सुईत_दोरा

चामड्याचं मिळतं, आणि मधल्या जाड भागासाठी तेच बरं.

आप्पा, तुमचा दुसरा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, पहिला नाही. परीक्षकांना आवडावी म्हणून गोधडीचा क्विल्ट करू नये हे शंभर टक्के मान्य. पण म्हणून घरात ठेवणं हा उपाय नाही, उलट आहे तशी समोर ठेवणं हा आहे. अलाबामात जीज बेंड नावाचं एक छोटं गाव आहे, नदीने तीन बाजूंनी वेढलेलं. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्पिढ्या शेतात घालून विरलेल्या पँटी, ओव्हरऑल, पिठाच्या पिशव्या यांच्या क्विल्ट करत आल्या. थंडीसाठी, दुसऱ्या कशासाठी नाही. टोकं जुळत नाहीत, कडा सरळ नाहीत, गुडघ्याच्या जागी न विटलेला निळा चौकोन तसाच दिसतो. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीमध्ये लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. त्या बायकांनी कुठल्याही प्रीमियम बुकाकडे बघून शिवलं नव्हतं. पण कुणीतरी त्या बाहेर नेल्या म्हणून इथल्या परीक्षकांचीही नजर थोडी सैल झाली. आईच्या गोधडीकडे "हे काय जाडजूड" असं न बघता नीट बघणाऱ्या परीक्षक आज भेटतात त्यात जीज बेंडचा वाटा आहे, असं माझं मत.

---

बेळगावी_कुंदा

वा, छान धागा. आमच्या इथून हल्याळ, यल्लापूर जवळ. तिकडच्या सिद्दी (आफ्रिकन वंशाच्या) बायकांच्या कवंदी, म्हणजे गोधड्याच, पाहिल्यात का कुणी? त्याही कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने तुकडे लावत मध्याकडे येतात. शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचे छोटे त्रिकोण लावतात, त्याला फुला म्हणतात. फुला नसेल तर कवंदी उघडी, असं मानतात. अनुजा, आई कोपऱ्यांना काही करते का?

---

प्रेअरीतली_अनुजा

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आईला सगळं वाचून दाखवलं. कृष्णाकाठच्या ताईंच्या "गव्हाएवढा टाका" वर ती इतकी हसली की चहा सांडला. (गोधडीवर नाही.)

कुंदा, कोपऱ्यांना ती काही लावत नाही. उलट तिथे थर कमी करते. तिचं म्हणणं, गोधडीचा कोपरा पायाशी येतो, तो मऊच हवा, नाहीतर रात्रभर टोचतो.

सुपरिंटेंडंटबाईंना फोन केला. फारच गोड. त्यांनी "हँड क्विल्टेड, इतर तंत्र" मध्ये टाकायला सांगितलं आणि टेबलावर ठेवायचंही कबूल केलं. मुख्य म्हणजे आमच्याकडे ओपन जजिंग आहे, म्हणजे परीक्षक तपासत असताना लोकांना खुर्च्या टाकून बसता येतं. नाव झाकलेलं असतं आणि आपण आपली कुठली ते बोलायचं नाही. आईला हे सांगितल्यापासून ती म्हणतेय, "मी चेहऱ्यावरून कळू देणार नाही." बाबा म्हणतात, बघूच.

एक अडचण. आजीच्या एका लुगड्याचा लाल रंग जातोय असं वाटतं. ओल्या रुमालाने पुसलं तर रुमाल गुलाबी झाला. धुवायची की नाही?

---

ओंटारियोची_शमा

धुऊ नका, निदान आत्ता नाही! सगळी शिवून झाल्यावर लाल पसरला तर शेजारची पांढरी कड कायमची गुलाबी होईल. फेअरला स्वच्छ दिसत असेल तर तशीच द्या. नंतर धुताना भरपूर गार पाणी आणि रंग शोषणारे कागद मिळतात ते जास्तीचे टाका. धुतल्यावर ओली ठेवू नका, घडी तर बिलकूल नको.

आम्ही कॅनडात. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गावोगावी फॉल फेअर असतात, त्या भागातली ॲग्रिकल्चरल सोसायटी भरवते. त्यांची प्राइज लिस्ट वाचणं ही माझी ऑगस्टमधली करमणूक. क्विल्ट, लोणची, मुरांबे, सर्वांत मोठा भोपळा, एकाच पुस्तकात. मी एकदा क्विल्टबरोबर लिंबाचं लोणचं दिलं होतं. परीक्षकांनी "फारच धाडसी" असा शेरा लिहून परत केलं.

आणि हो, रिबनचे रंग बघून गोंधळू नका. इथे पहिलं बक्षीस लाल आणि दुसरं निळं! अमेरिकेतून आलेल्या माझ्या नणंदेने माझी लाल रिबन बघून "पुढच्या वेळी मिळेल हो पहिलं" म्हणून पाठीवर हात ठेवला होता.

---

मिडलंड्सची_मीरा

इंग्लंडमध्येही लाल म्हणजे पहिलं. गावातल्या शेतकी जत्रेत पिवळी तिसरी असते.

आमच्याकडे बर्मिंगहॅमला एनईसी या प्रदर्शन केंद्रात दर उन्हाळ्यात फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स असतो, २००३ पासून. चार दिवसांचा. सासूबाईंना नेलं होतं. मोठ्या शोबद्दल दोन गोष्टी सांगते, काउंटी फेअरला लागू नाहीत, पण पुढे कुणी अमेरिकेतल्या पडूका नाहीतर ह्यूस्टनच्या मोठ्या क्विल्ट शोला जाणार असेल तर उपयोगी पडतील. दुकानांचा भाग आणि प्रदर्शनाचा भाग वेगळा असतो. आधी प्रदर्शन बघा. आधी दुकानांत शिरलात तर हातात पिशव्या येतात आणि म्हातारं माणूस तिथेच दमतं. दुसरं, काही शोमध्ये बाबागाडी आत नेऊ देत नाहीत, म्हणून ४ वर्षांच्या पोराला घेऊन निघण्याआधी वेबसाइट बघा.

हात लावायचा नाही हे मुलांना घरूनच सांगून न्या. मागची बाजू बघायची असेल तर पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेवक बाई असतात, त्यांना सांगायचं, त्या उलटून दाखवतात. माझ्या मुलाला त्या हातमोज्यांचं एवढं कौतुक की तो प्रत्येक क्विल्टपाशी "मागून दाखवा" म्हणत होता. बाई कंटाळल्या नाहीत, हे विशेष.

---

बंडू_ओहायोकर

पडूकाचा विषय निघालाच आहे म्हणून. केंटकीतलं हे ओहायो नदीकाठचं छोटं गाव, पण एप्रिलमध्ये अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचा शो असतो तेव्हा हॉटेलं आधीच भरलेली. १९९१ पासून तिथे क्विल्ट म्युझियम आहे आणि २०१३ मध्ये युनेस्कोने गावाला हस्तकलेचं सर्जनशील शहर म्हणून यादीत घेतलं. आम्ही शो चुकवून जूनमध्ये गेलो. म्युझियम निवांत बघितलं, नदीवर बसलो, पोरं भिंतीवरची चित्रं बघत हिंडली. सौ. म्हणते शो हवा होता, मी म्हणतो हेच बरं. लोकशाही आहे.

---

सुईत_दोरा

शोची गर्दी नको आणि क्विल्ट मात्र मनसोक्त बघायच्या असतील तर ओरेगनमधलं सिस्टर्स. जुलैचा दुसरा शनिवार, एकच दिवस. गावातल्या दुकानांच्या बाहेरच्या भिंतींवर, कठड्यांवर, सज्जांवर उघड्या हवेत क्विल्ट टांगलेल्या असतात. १९७५ मध्ये एका कापडदुकानवाल्या बाईंनी सुरू केलं. रस्त्यावर फिरत बघायचं असल्यामुळे मुलांना "हळू चाल, गप्प बस" म्हणावं लागत नाही. मुलांना घेऊन बघायला मला सगळ्यांत आवडलेला शो हाच.

अनुजा, तुझ्या अगदी जवळचं सांगायचं तर विंटरसेटचं आयोवा क्विल्ट म्युझियम. लहान आहे, चौकातच आहे, बाबांच्या गुडघ्यांना झेपेल. आणि जमलं तर नेब्रास्कातलं लिंकन. तिथल्या विद्यापीठाचं इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम जगभरच्या क्विल्ट जमवतं, त्यात आपल्याकडच्याही आहेत. आईला तिथे न्याच.

---

प्रेअरीतली_अनुजा

फेअर झाली! वृत्तांत देते.

जजिंगच्या दिवशी आम्ही सहाही जण गेलो. हॉलमध्ये दोन लांब टेबलं जोडून पांढरी चादर अंथरलेली. परीक्षक साठीच्या बाई, बाजूला एक मुलगी त्यांचं बोलणं भराभर लिहून घेत होती, आणि दोन स्वयंसेवक क्विल्ट आणून पसरणार. प्रत्येकीचं काम उलगडलं की बाई आधी चार पावलं मागे जाऊन बघत. मग जवळ येऊन तळहात फिरवत, मग उलटं करून मागची बाजू, मग कडा. प्रत्येकीबद्दल आधी चांगलं, मग सुधारणा.

आईची पसरली तेव्हा बाई मागे गेल्याच नाहीत. सरळ जवळ आल्या, दोन्ही तळहात टेकवून दाबलं, आणि आत किती थर आहेत ते कडेला चिमटीत धरून मोजायचा प्रयत्न केला. मग बोटाने पहिल्या ओळीपासून धावदोरा धरून चौकटीमागून चौकट आत आत जात मध्यापर्यंत आल्या. तोवर सगळे गप्प. आई माझ्या शेजारी बसून पदर नसलेल्या टॉपचं टोक पिळत होती, तेव्हा चेहऱ्यावरून न कळू देण्याचं काय झालं असेल ते ओळखा. पुढच्या रांगेतल्या एक आजी मागे वळून तिच्याकडे बघून हसल्यासुद्धा.

शेरे असे: दोऱ्याचा ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. रंगांची जोडणी धीट. मागची बाजू पुढच्याइतकीच नेटकी. आता सुधारणा: एक कड लहरते, आणि कोपऱ्यांत गोट रिकामा लागतो.

मी हळू आवाजात आईला सांगत होते. कडेचं तिने लगेच मान्य केलं. "इरकल ताणते, आधी कच्चा दोरा घालून घ्यायला हवा होता तिथे." कोपऱ्यांचं मात्र अजिबात नाही. "त्यांना म्हणावं एकदा पायावर घेऊन झोपा." घरी येईपर्यंत हेच चाललं होतं. पुढच्या गोधडीतही कोपरे मऊच राहणार आहेत, गुण गेले तरी.

लाल रिबन मिळाली. आणि तीन डॉलर. बाबांनी तो चेक वटवायचा नाही असं जाहीर केलंय.

पहिली निळी कुणाला ते बघितलं. एका आजोबांच्या क्विल्टला होती! जुन्या टायांची, गळ्यातल्या. रेशमी टायांचे पंखे करून हाताने शिवलेले. आईने त्यांना खुणेनेच विचारलं, रेशीम सटकत नाही का? त्यांनी खिशातून अंगुस्तान काढून दाखवलं आणि टाय आतून पातळ अस्तर चिकटवून घेतल्याचं समजावलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नसताना वीस मिनिटं गप्पा झाल्या, मधे मधे मी. नवरोबा तेवढ्यात मुलांना डुकरांच्या गोठ्यात घेऊन गेले होते आणि परत आल्यावर त्यांनी स्वतःहून ते पंखे किती अंशांचे आहेत ते मोजलं. बंडूदादा, तुमचं औषध लागू पडलं.

---

ओंटारियोची_शमा

लाल! आमच्या हिशोबाने पहिलाच नंबर. आईंना कॅनडातर्फे अभिनंदन कळव.

---

कृष्णाकाठची

कोपरे मऊच ठेवा. माऊलीला नमस्कार.

---

पेठेतला_आप्पा

आईंचं मनापासून अभिनंदन. स्पर्धेबद्दलचं माझं मत तेच आहे, पण मागची बाजू पुढच्याइतकीच नेटकी हे परीक्षकबाईंना दिसलं, याबद्दल त्यांना मानलं. तो टायवाला म्हातारा मात्र फार आवडला. माझ्या कपाटात लग्नात आलेले टाय पडून आहेत. कुणी पुण्यात शिवून देतं का?

---

सुईत_दोरा

आप्पा, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देणाऱ्या बायका पुण्यात पुष्कळ आहेत. डिसेंबरात भीमथडी जत्रेत गोधड्यांचे स्टॉल बघा आणि तिथे विचारा. पण टाय तिरके कापलेले असतात म्हणून ताणतात, आतून चिकटवायचं अस्तर लावल्याशिवाय देऊ नका. आधी सगळी शिवण उसवून, आतलं जाड कापड काढून, गार पाण्यात धुऊन घ्या. धुताना जो रंग सोडेल तो बाद.

अनुजा, लेकीला फोर-एचला घालणार आहेस का? चौथीत गेली असेल तर नावनोंदणीची तारीख काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात विचारून ठेव, आमच्याकडे फेअरच्या बरीच आधी बंद होते. उशी किंवा छोटी पिशवी यापासून सुरुवात करू दे.

---

प्रेअरीतली_अनुजा

विचारते. तिला उशी नकोय, धाकट्या भावासाठी वाकळ करायचीय म्हणे. आईने तिला एक वीत बाय एक वीत तुकडा आखून दिलाय आणि आधी सरळ धावदोरा येईपर्यंत दुसरं काही मिळणार नाही असं सांगितलंय. सध्या गव्हाएवढा टाका पडतोय.

पुढच्या शनिवारी विंटरसेटला जातोय. मध्य आयोवातलं कुणी येणार असेल तर माझ्या विपूत (विचारपुशीत) कळवा, गाडीत एक जागा आहे. बाबांसाठी फिरताना मधे बसायला बाक लागतील, तिथे आत आहेत का ते कुणाला माहीत असेल तर सांगा. नाहीतर घडीची खुर्ची घेऊन येतो.